आधी कोण वाकतं?

नाशिकरोड स्थानकाच्या फलाटावर एकदा कानांत बोळे घालून पाच मिनिटं उभं राहून बघा. गाडी थांबते. एक आजी दांडीला धरून हळूहळू उतरतात. समोर उभा असलेला तिशीतला माणूस हातातली पिशवी खाली ठेवतो, वाकतो, त्यांच्या पायांना हात लावतो आणि तोच हात कपाळाकडे नेतो. आजींचा हात आपोआप त्याच्या डोक्यावर टेकतो. त्याच्या मागची बाई पदर सारखा करून वाकते. मग मानेवर हलकासा धक्का बसल्यावर एका पाच-सहा वर्षांच्या पोराच्या लक्षात येतं की आता आपली पाळी आहे. दोन डबे सोडून आखूड केसांचे दोन तरुण काळ्या ट्रंकांवर बसून एकमेकांच्या पाठीत धपाटे घालताहेत. एवढ्यात एक वयस्कर गृहस्थ त्यांच्या दिशेनं येतात आणि दोघं ताडकन उभे राहतात, टाचा जुळतात, हसू जागच्या जागी थांबतं.

तुम्ही एकही शब्द ऐकलेला नाही. तरी आई कोण, सून कोण, दोस्त कोण आणि साहेब कोण, हे तुम्हाला बिनचूक कळलं. ओळखपत्रं तपासली नाहीत की कुणाला विचारलं नाही. मग कळलं कसं?

उत्तर तीन प्रश्नांत आहे. आधी कोण वाकलं? किती खाली वाकलं? आणि समोरून उत्तर काय आलं? जगातल्या कुठल्याही समाजातला नमस्कार, सलाम, मुजरा किंवा हस्तांदोलन घ्या आणि हे तीन प्रश्न विचारा. कोण कुणाचा कोण लागतो, याचा बहुतेक उलगडा तिथेच होतो.

यातला पहिला भाग माणसापेक्षाही जुना आहे! टांझानियातल्या गोंबेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी १९६० मध्ये चिंपांझींचा अभ्यास सुरू केला. दुबळा चिंपांझी बलवानासमोर येतो तेव्हा अंग आक्रसून खाली झुकतो आणि धापा टाकल्यासारखा हुंकार देतो. गंमत अशी की हा हुंकार नेहमी खालून वर जातो. वरचा खालच्याला तो देत नाही. त्यामुळे कळपात कुणाची पायरी कुठली हे ठरवायला अभ्यासकांना मारामाऱ्या मोजत बसावं लागत नाही, कोण कुणाला हुंकार देतो एवढं टिपलं तरी पुरतं. लहान दिसणं म्हणजे ‘तू मोठा’ हे मान्य करणं, एवढा मजकूर निसर्गानं शरीरातच घालून ठेवला आहे.

माणसानं त्यात काय भर घातली? ते बघायला स्थानकापासून फार लांब जायला नको.

नाशिकरोड कॅम्पात तोफखान्याचं आर्टिलरी सेंटर आहे. खेड्यापाड्यांतून आलेली पोरं इथे गनर होतात आणि सुरुवातीच्या दिवसांतच सलाम करायला शिकतात. हात वर करायचा, त्यात शिकायचं काय, असं वाटेल. पण बारकाईनं बघा. उजवा हात लांबच्या वाटेनं वर जातो आणि जवळच्या वाटेनं खाली येतो. तळवा समोरच्याला पूर्ण दिसला पाहिजे. चारही बोटं आणि अंगठा चिकटलेले, मधल्या बोटाचं टोक भुवईपाशी, कोपर खांद्याच्या रेषेत. मान झुकवायची नाही, नजर समोरच्याच्या डोळ्यांत. अंगठा जरा सुटला की उस्तादांचा आवाज मैदानभर घुमलाच म्हणून समजा.

हाच सलाम नौदलात बघाल तर तळवा खाली वळलेला दिसेल. जहाजावर डांबर आणि ग्रीसनं हात काळे व्हायचे, ते वरिष्ठांना दिसू नयेत म्हणून, असं त्याचं कारण सांगतात. हवाई दलानं २००६ मध्ये आपला सलाम बदलला आणि तळवा जमिनीशी ४५ अंशांत आणला. तळव्याचा कोन बघून माणूस भूदलाचा, नौदलाचा की हवाई दलाचा हे सांगता येतं!

पण यातलं खरं नवल पुढेच आहे. पंचवीस वर्षं नोकरी झालेला सुभेदार बावीस वर्षांच्या लेफ्टनंटला सलाम करतो. का? कारण तो सलाम त्या पोराला नसतोच. राष्ट्रपतींनी दिलेल्या कमिशनला तो सलाम असतो, पोरगा फक्त ते अंगावर घेऊन उभा असतो. आता समजा, हे सुभेदार त्या लेफ्टनंटचे वडील आहेत. मैदानावर बाप लेकाला सलाम करेल. संध्याकाळी सिन्नरच्या घरी उंबरा ओलांडताच लेक वाकून बापाच्या पाया पडेल. माणसं तीच, दिवस तोच. दोन ठिकाणी दोन नाती, आणि कुठलं नातं आत्ता चालू आहे हे हातानं सांगितलं.

आणखी एक गोष्ट. सलाम करणं जसं कनिष्ठाला बंधनकारक, तसं तो परत करणं वरिष्ठाला बंधनकारक. चिंपांझीच्या कळपात हे नाही. खालून आलेल्या मानाला वरून उत्तर गेलंच पाहिजे, ही माणसाची भर.

उत्तराचं मोल कळायला पुन्हा स्थानकात या. न थांबणारी गाडी धडधडत फलाटावरून जाते तेव्हा स्टेशन मास्तरांचा माणूस हिरवा झेंडा धरून उभा असतो. त्याची नजर डब्यांखालून फिरत असते, काही लोंबत नाही ना, कुठे धूर नाही ना. इंजिनातून लोको पायलट उलट इशारा देतो. शेवटच्या डब्यातून ट्रेन मॅनेजरही देतो. २०२२ च्या जानेवारीपर्यंत त्यालाच आपण गार्ड म्हणत होतो. ही माणसं एकमेकांना नावानंही ओळखत नसतील. ‘मी माझ्या जागेवर आहे, जागा आहे, सगळं ठीक आहे’ एवढंच त्यांचं बोलणं, तेही ताशी शंभर किलोमीटरच्या वेगात. इथे कुणी मोठा नाही, कुणी लहान नाही. भूमिका एकमेकींची खातरजमा करतात आणि हजारभर माणसं डब्यांत निवांत झोपतात. झेंडा हाताशी नसला तर? त्याचीही सोय आहे: दोन्ही हात डोक्याच्या वर उंच धरले की अर्थ एकच, थांबा.

मानाची ही भाषा किती टोकाला जाऊ शकते याचा नमुना तोफांनीच दाखवला आहे. ब्रिटिश अमदानीत संस्थानिकाचा दर्जा त्याच्या स्वागताला किती तोफा उडतात यावर ठरायचा. सम्राटाला १०१, व्हाइसरॉयला ३१. संस्थानांत सर्वोच्च मान २१ तोफांचा, आणि तो हैदराबाद, म्हैसूर, काश्मीर, बडोदा आणि ग्वाल्हेर या पाचांनाच. कोल्हापूरला १९. सावंतवाडीला ९. आपल्या नाशिक जिल्ह्यातलं सुरगाणा हेही एक संस्थान होतं, पण त्याच्या वाट्याला एकही तोफ नव्हती! दोन तोफा वाढाव्यात म्हणून राजेरजवाड्यांची वर्षानुवर्षं धडपड चालायची. नुसता आवाज आणि धूर, गोळा नाहीच. तरी त्या आवाजाची संख्या हीच राजाची उंची. आज २१ तोफांचा मान राष्ट्रपतींना आहे. प्रजासत्ताक दिनी राष्ट्रगीताच्या ५२ सेकंदांत त्या उडतात. २०२३ पासून या मानवंदनेसाठी जुन्या ब्रिटिश तोफा गेल्या आणि भारतीय बनावटीच्या १०५ मिलिमीटरच्या तोफा आल्या. मानवंदना देणारी तोफ कुठली, हाही एक इशाराच की!

इतक्या बारीक नियमांची सवय या भूमीला इंग्रजांच्या आधीपासून होती. अकबराच्या दरबारात कसं वाकायचं हे अबुल फजलनं ‘आईन-इ-अकबरी’त लिहूनच ठेवलं आहे. कोर्निश म्हणजे उजवा तळवा कपाळावर ठेवून मस्तक झुकवायचं. तस्लीम म्हणजे उजव्या हाताची मागची बाजू जमिनीला टेकवायची, हळूहळू सरळ उभं राहायचं आणि तळवा माथ्यावर ठेवायचा. मनसब, जहागीर किंवा मानाचा पोशाख मिळाला तर तीन तस्लीम.

ही पद्धत आली कुठून? खुद्द अकबरानं सांगितलेली हकिगत तिथे नोंदवलेली आहे. हुमायूननं एकदा आपली टोपी लहानग्या अकबराला दिली. ती डोक्याला मोठी होत होती. घसरू नये म्हणून पोरानं ती हातानं धरली आणि तसाच वाकला. बापाला ते इतकं आवडलं की पुढे दरबारात सगळ्यांनी असंच करायचं ठरलं. म्हणजे एका ढिल्या टोपीपायी साम्राज्यातले मातब्बर सरदार कपाळावर हात ठेवून वाकू लागले. अनेक हावभावांचं मूळ असंच किरकोळ असतं. त्यांचं वजन वाढतं ते सगळ्यांनी ते पाळल्यामुळे.

आणि पाळायचं नाकारलं तर? १२ मे १६६६. आग्र्याचा दरबार, औरंगजेबाचा वाढदिवस. शिवाजी महाराजांना पाच हजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. नऊ वर्षांच्या संभाजीराजांना जी मनसब आधीच मिळालेली, त्याच दर्जाची रांग. कुणी शिवी दिली नव्हती, हात उगारला नव्हता. फक्त उभं राहण्याची जागा ठरवली होती. पण महाराजांनी तो मजकूर अचूक वाचला. त्यांनी देऊ केलेला पोशाख नाकारला आणि सिंहासनाकडे पाठ फिरवली. बादशहाच्या दरबारात पाठ! कोर्निश-तस्लीमच्या त्या दुनियेत याहून मोठं वाक्य शब्दांत बोलता आलं नसतं.

इथपर्यंत आपण धरून चाललो की नातं आधी असतं आणि हावभाव ते दाखवतो. पण खरी चमत्कारिक गोष्ट उलटीच आहे. कितीतरी वेळा हावभावच नातं तयार करतो. हे पटत नसेल तर नाशिकरोडच्याच करन्सी नोट प्रेसकडे बघा. १९२८ पासून इथे नोटा छापल्या जातात. छापखान्यातून बाहेर पडणारा कागद हा कागदच. त्याचं मोल ठरतं ते देणारा आणि घेणारा, दोघांनी ते मानल्यामुळे. एकानं मानलं आणि दुसऱ्यानं हात मागे घेतला की व्यवहार बंद. नमस्काराचंही नेमकं असंच आहे. तो घेणारा लागतो, आणि घेतला की नातं चलनात येतं.

संक्रांतीनंतरच्या हळदीकुंकवात हे अगदी जवळून बघता येतं. घरची बाई करंड्यात अनामिका बुडवते, आलेल्या बाईला आधी हळद, मग कुंकू लावते, अत्तराचं बोट मनगटाला, तिळगूळ, वाण. पाहुणी तोच करंडा घेऊन तिला परत हळदकुंकू लावते. मघाचे तीन प्रश्न विचारा. आधी कोण? यजमानीण. किती खाली? बरोबरीत, कपाळाला कपाळाच्या उंचीवर. उत्तर? तंतोतंत तेच. कॅनडात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ अर्विंग गॉफमन यांनी १९५६ मध्ये मांडलं होतं की मान देण्याचे नियम दोन जातींचे असतात: जसा दिला तसा परत येणारा आणि परत न येणारा. पहिल्यातून बरोबरी तयार होते, दुसऱ्यातून उतरंड. आपल्या आयाबायांनी हे शास्त्र करंड्यात सांभाळलं होतं.

पण त्याच करंड्याची दुसरी बाजू आठवा. रांगेत बसलेल्या एका बाईपाशी बोट थबकतं आणि पुढच्या कपाळाकडे जातं. तिला कुणी काही बोलत नाही. न लागलेल्या कुंकवानं तिचं समाजातलं स्थान पुन्हा एकदा जाहीर होतं. म्हणूनच कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये जे केलं ते मोठं आहे. नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं बंद करायचा ठराव ग्रामसभेनं केला आणि राज्य सरकारनं इतर गावांनीही तो कित्ता गिरवावा असं परिपत्रक काढलं. म्हटलं तर हातांच्या दोन-चार हालचाली थांबवल्या, पण विधवा ही भूमिका त्या हालचालींनीच तर घडवली जात होती.

याहून मोठा झगडा नाशिकनं पाहिला आहे. स्थानकापासून नऊ-दहा किलोमीटरवर पंचवटीतलं काळाराम मंदिर. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला. दादासाहेब गायकवाड आणि हजारो कार्यकर्त्यांनी तो वर्षानुवर्षं चालवला. यातली विसंगती डोकं सुन्न करणारी आहे. ज्यांना गावात येता-जाता प्रत्येकाला लांबून जोहार घालावा लागायचा, त्यांनाच रामापुढे वाकायची बंदी होती! वाकणं हा काहींचा हक्क आणि काहींची सक्ती. पाय धरायला स्पर्श लागतो आणि स्पर्शालाच मनाई, म्हणून जोहार लांबून. अंतर हाही एक हावभाव असतो, आणि तो सगळ्यांत क्रूर.

याला तोड काय निघाली? त्याच दशकात कामठीच्या बाबू हरदास यांनी ‘जय भीम’ रुजवलं. जोहारला उत्तर देण्याची गरज वरच्याला वाटत नसे. ‘जय भीम’चं उत्तर ‘जय भीम’. कंबर सरळ, आवाज खणखणीत, आणि जे दिलं तेच परत. सतराव्या शतकात इंग्लंडमधल्या क्वेकर पंथीयांनी अधिकाऱ्यांपुढे टोपी काढायचं नाकारलं होतं आणि त्यापायी तुरुंगवास पत्करला होता. जगात अनेक ठिकाणी माणसांनी बरोबरी मागितली, तेव्हा नमस्कारही बदलला.

मात्र बरोबरीला ताठ उभं राहण्याचीच वाट आहे असं नाही. ज्येष्ठात त्र्यंबकेश्वरहून संत निवृत्तिनाथांची पालखी निघते आणि नाशिक ओलांडून पळसे-सिन्नरच्या वाटेनं पंढरपूरला जाते. त्या दिंडीतले दोन वारकरी भेटताना बघा. पांढऱ्या मिशांचे एक बाबा बुक्का लावतात आणि ‘माऊली’ म्हणत समोरच्या कॉलेजच्या पोराच्या पायाशी वाकतात. पोरगं गडबडतं, ‘अहो बाबा, नको नको’ करत त्यांच्याही आधी खाली पोचायला बघतं. दोघांची डोकी जवळजवळ आपटतात. मग दोघं उठून एकमेकांना छातीशी धरतात.

आता मघाचे तीन प्रश्न इथे लावा. आधी कोण? दोघं. किती खाली? अगदी पायांपर्यंत. उत्तर? तेच, तेवढंच. पाया पडणं हा आपल्याकडचा सर्वांत उतरंड दाखवणारा हावभाव. तो वारकऱ्यांनी जसाच्या तसा उचलला, फक्त परत करायचा नियम जोडला, आणि शतकानुशतकांची उतरंड निदान त्या वाटेपुरती सपाट केली. दोघंही वाकले की मोठं कोण हा प्रश्नच उरत नाही. याला मी सामाजिक शोध म्हणेन, आणि तो आपल्या मातीत लागला याचं नवल मला संपत नाही.

तेव्हा किती खाली वाकलं याला आपण नको तेवढं महत्त्व देतो. उतरंड कंबरेच्या बाकात नसते, ती उत्तर न देण्यात असते. तोफखान्यातला अधिकारी गनरचा सलाम परत करतो, कारण नियम तसा आहे. आपल्या सोसायटीच्या फाटकावरचा रखवालदार रोज सकाळी आपल्याला सलाम करतो आणि आपण मोबाइलमध्ये बघत गाडी पुढे काढतो, कारण तिथे नियम नाही. तो आपला आपण करायचा आहे. उद्या सकाळी काच खाली करा, हात वर न्या आणि तो सलाम परत करा.